इंजिन जिथे कुजबुजते

आष्टीच्या पलीकडच्या जलाशयात, म्हसोबाच्या टेकडीसमोर एक जागा आहे. तिथे बोटीच्या इंजिनाचा आवाज आपोआप उतरतो आणि बोटीचा वेग मात्र तसाच राहतो. हे फक्त सोमेश्वर बोट चालवत असला तरच घडते. बोटीचे मालक गिरिधरराव स्वतः चालवायला बसले, की घडत नाही.

यशश्री त्या पाण्यावर पहिल्यांदा आली तेव्हा धुके इतके दाट होते की काठ कुठे संपतो हे बुटांना आधी कळले आणि डोळ्यांना नंतर. जालना एमआयडीसीत मापयंत्रे तपासणारी एक प्रयोगशाळा होती, तिथे ती काम करी. एरवी तिचा संबंध पोलाद गिरण्यांच्या भट्ट्यांशी. बोटीचा वेगमापक तपासायला कुणी बोलावील असे तिला कधी वाटले नव्हते.

बोट काठावर चाकांच्या गाड्यावर चढवलेली होती. तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते... फक्त पाय.

"कोण आहे तिथे?"

"पाय सोमेश्वरचे हायत," खालून आवाज आला. "बाकीचा येऊन राह्यला."

बाकीचा आला. उंच, सावळा, खांद्यावर चिखल, हातात बाभळीचा लांब काटा.

"हे काय करताय?"

"बोटीच्या पोटाला हे बारकं चाक हाय न, पाण्यानं फिरतं आन् वेग सांगतं. त्यात शेवाळ अडकतं. काढून राह्यलो, मॅडम."

"काट्याने? माझ्या पेटीत यासाठी वेगळा ब्रश आहे."

"मंग ती पेटी रोज घेऊन येत जा," तो गंभीरपणे म्हणाला. "काट्याचा काय भरवसा."

यशश्रीने पेटी उघडली आणि वाकून आतच पाहत राहिली. ब्रश अगदी समोर होता. तो सापडायला तिला वाजवीपेक्षा जास्त वेळ लागला.

काम सांगायला सोपे होते. गिरिधररावांची पुतणी अर्पिता पुण्याहून वेकबोर्डिंग शिकून आली होती. दोन्ही पाय एका फळीला बांधायचे, बोटीच्या दोराची मूठ धरायची आणि बोट ओढील तसे पाण्यावरून घसरत जायचे. बोटीमागे जी लाट उठते तिच्यावर चढून हवेत उडी घ्यायची. त्यासाठी वेग एकसारखा लागतो. तो घटला तर फळी बुडते, वाढला तर दोर खांदा उखडतो. म्हणून बोटीला एक नियंत्रक बसवला होता. चालकाने आकडा ठरवून द्यायचा, मग वेग कमी पडला तर नियंत्रक इंजिनाला जोर लावी, वाढू लागला तर जोर काढून घेई.

धुके विरळ झाल्यावर ते निघाले. सुकाणूच्या चाकावर सोमेश्वर, शेजारी यशश्री, मागे दोरावर अर्पिता. वेगमापकाचा काटा ठरलेल्या आकड्यावर खिळल्यासारखा स्थिर होता. यशश्रीला त्या स्थिरतेचे समाधान वाटले. मग टेकडी समोर आली —

आणि इंजिन कुजबुजू लागले.

सोमेश्वरचे हात चाकावर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. आवाज उतरत गेला, जणू बोटीचे ओझे कुणीतरी खालून आपल्या हातांवर घेतले. काटा हलला नाही. यशश्रीने मागे पाहिले. बोटीमागची भरघोस लाट कुणी तळहाताने पुसावी तशी सपाट होत होती आणि अर्पिता, त्याच लाटेच्या भरवशावर हवेत उडालेली, सपाट पाण्यावर आदळली.

क्षणभराने इंजिन पुन्हा गरजले. लाट परत उभी राहिली, जसे काही झालेच नव्हते.

अर्पिता खांदा चोळत काठावर आली. "सोमदादा, तुझं भूत आज पण हजर होतं बरं का," ती म्हणाली. हसली; पण तिचे ओठ पांढरे होते.

गिरिधरराव हसले नाहीत. "मॅडम, रविवारी पाहुणे येणार हायत. त्यांच्यासमोर बोट बराबर चालली तरच इथं शिकवायची परवानगी मिळायची. तुम्ही यंत्र तपासा. यंत्र ठीक असलं तर तसं लिहून द्या. मंग दोष याच्या हाताचा. मी गोव्याहून माणूस बोलावतो."

ते स्वतः चाकावर बसले. पिवळे तरंगते गोळे दोरीने नांगरून आखलेल्या वाटेने त्यांनी बोट टेकडीपर्यंत नेली आणि आणली. इंजिनाने आपला सूर जराही सोडला नाही.

"बघा," ते म्हणाले.

यशश्रीने दिवसभर तपासले. पोटाखालचे चाक एक वेग सांगत होते, उपग्रहांवरून मोजणारे यंत्र तोच सांगत होते. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी, सारखेच चुकणे शक्य नव्हते. तिने नियंत्रक बंद करायला लावला आणि इंजिनाचा जोर एकाच खुणेवर बांधून ठेवला. सोमेश्वरने बोट नेली... आणि त्या जागी बोट स्वतःहून पळू लागली. काटा वर चढला. कुणी ओढल्यासारखा.

म्हणजे यंत्र निर्दोष होते. तसेच तिला लिहावे लागणार होते. आणि ते लिहिले की हा माणूस इथून जाणार होता.

"खाली काय आहे?" परतताना तिने विचारले.

"माझं गाव. रुईगव्हाण." तो पाण्याकडे न बघता म्हणाला. "पाच वरसाचा होतो, तवा उठलं. आता हे मासे धरणारे म्हणतात, धुक्यात तिथं जातं फिरल्याचा आवाज येतो. तिकडं जाळं टाकत न्हाईत कुणी."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"काठावर असलो तर म्हणतो, काही न्हाई. तिथं गेलो की..." तो थांबला. "तिथं गेलो की म्हणवत न्हाई. गाव वळखतं मला. ओढतं."

"गावाला हात नसतात, सोमेश्वर."

"तुम्हाला काय ठाऊक? तुमच्या घरावरून पाणी गेलंय का?"

यशश्रीने मापांची वही मिटली.

"मी रविवारची वाट बघत न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "पुण्याला मावसभाऊ हाय, टेम्पो चालवीन. रस्त्याखाली गाव नसतं. उद्याच निघतो."

"उद्या नाही." तिचा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. "मला एक दिवस द्या."

"कशाला?"

"कारण शोधायला."

"आन् न्हाई सापडलं तर?"

"तर... मला वाईट वाटेल."

"किती?" त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले.

"अजून मोजलेलं नाही," ती म्हणाली आणि पेटीचे झाकण लावू लागली. ते आधीच लागलेले होते.

दुसऱ्या दिवशी पुनर्वसनाच्या वस्तीतल्या त्याच्या घरी, अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर हुरडा भाजला जात होता. सोमेश्वरची आई, नंदाबाई, कणसे तळहातावर चोळून दाणे यशश्रीच्या ताटलीत टाकत होत्या. "खा माय, जालन्याला असला कुठं मिळायचा."

यशश्री उपग्रहांवरच्या यंत्राने नोंदलेल्या बोटीच्या वाटा मोबाइलवर पाहत होती. गिरिधररावांची वाट गोळ्यांच्या ओळीला धरून होती. सोमेश्वरची प्रत्येक वाट मध्येच त्या ओळीपासून सुटून बाजूला जाई आणि पुढे पुन्हा येऊन मिळे. सगळ्या वाटा सुटत त्या एकाच जागी.

"तुम्ही बोट सरळ कशाच्या अंदाजाने धरता?"

"टेकडीच्या. बोटीचं नाक टेकडीवर ठेवायचं."

"गोळे आहेत ना आखलेले?"

"गोळे वाऱ्यानं सरकतात. टेकडी सरकत न्हाई."

"लहानपणापासून त्याचं तसंच हाय," नंदाबाई हसल्या. "उंबऱ्यात बसून भाकर खायचा, तर डोळे टेकडीवर. मधी गढी आडवी यायची, तरी मान वर करून बघायचा."

यशश्रीने मान उचलली. "गढी? धरणाच्या नकाशात तिथे सपाट जमीन आहे. वर तीन माणसं बुडतील एवढं पाणी."

"गढी पाडली न मॅडम, गाव उठायच्या आधीच," सोमेश्वर म्हणाला.

नंदाबाईंचे तळहात थांबले. कणीस तसेच राहिले. विस्तवात एक दाणा फुटला, तो आवाजही मोठा वाटला.

"पाडली न्हाई रे," त्या हलकेच म्हणाल्या.

"काय?"

"मोजणीचा साहेब आल्ता, तवा आम्हीच सांगितलं, पाडतोच हाय, उद्या सपाट होते, तुम्ही तसं लिहून टाका. भला माणूस, लिहून गेला. गढीत देवाचा ओटा. देव उचलून आणले, पण ते बसले ती जागा पाडायची कुणी? हात उचलंना कुणाचा." त्यांनी पदर सारखा केला. "उलट घराघराच्या भिंती उतरवल्या, तर त्याची पांढरी माती, दगडं, सारं पाट्यांनी नेऊन गढीवरच रचलं. ओटा उघडा पाण्याच्या तोंडी द्यायचा न्हाई, म्हणून. म्हाताऱ्या बायांनीबी एकेक पाटी टाकली."

"मला कामून न्हाई सांगितलं, आई? मी रोज तिथून बोट नेऊन राह्यलो!"

"सरकारी माणसाशी खोटं बोललो, ते पोराला कोण सांगतं?" त्यांचे डोळे भरले. "आन् तू म्हणलास आवाज उतरतो... मला वाटलं, गढी तुला वळखते. बरंच वाटलं रे मला."

तिसऱ्या सकाळी धुके पुन्हा पाण्यावर बसले होते. ते दोघे इंजिन बंद करून, वल्हे मारत टेकडीच्या दिशेला निघाले. टेकडी दिसत नव्हती. सोमेश्वरला ती दिसण्याची गरज नव्हती. यशश्रीच्या हातात दोरी होती, दोरीच्या टोकाला शिसे. ती ठरावीक अंतराने शिसे सोडी, दोरी तिच्या हातातून जातच राही, मग ओढून घेई. वल्ह्यावरून निथळणारे थेंब तेवढे ऐकू येत होते.

मग एकदा तिने शिसे सोडले आणि दोरी तत्काळ सैल पडली. जणू खाली कुणीतरी ते अलगद हातात घेतले.

दोरीची ओली खूण स्वतःच्या अंगाशी लावून पाहिली. ती तिच्या छातीपर्यंत आली.

"सोमेश्वर... हे आहे."

त्याने वल्हे बोटीत ठेवले. तिला काही समजण्याआधी तो बोटीच्या काठावरून पाण्यात उतरला. पाणी हलले, बोट डोलली, आणि मग सगळे स्थिर झाले. जलाशयाच्या मधोमध, जिथे कुठलाच काठ दिसत नव्हता, तिथे एक माणूस छातीएवढ्या पाण्यात उभा होता. धुके त्याच्या खांद्यांवरून वाहत होते. यशश्रीला कारण माहीत होते. तरी तिच्या मानेवर काटा आला.

"पायाखाली दगड हायत," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मी गावात उभा हाय."

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला. बर्फासारखा गार हात, पण पकड घट्ट.

"वर या. कालव्याला पाणी सोडलंय, पातळी रोज उतरतेय. थोड्या दिवसांनी याच दगडांवर बोटीचा पंखा आपटला असता. पूर्ण वेगात. तुम्ही बोटीवर असताना, आणि मागे ती मुलगी असताना..."

"मंग पुण्याला न्हाई गेलो तर चालेल?"

"हे मला विचारताय?"

"गावात उभा राहून विचारून राह्यलो. इथं खोटं चालत न्हाई."

"तुमच्या गावाचा खरेपणा मी काल ऐकला," ती म्हणाली. तो इतका मोकळा हसला की धुके हलल्यासारखे वाटले. हात तसेच होते.

"जाऊ नका," यशश्री म्हणाली. "गिरिधररावांना मी समजावून सांगेन, पण ते त्यांच्यासाठी. हे मी... माझ्यासाठी सांगतेय."

"मॅडम —"

"यशश्री."

"यशश्री," त्याने ते नाव नवे भांडे हातात घ्यावे तसे जपून उच्चारले. "मी तर तुमच्या पेटीचं झाकण दुसऱ्यांदा लागलं, तवाच ठरवलं होतं... की जाववणार न्हाई."

रविवारी गोळ्यांची ओळ गढीपासून दूर सरकवलेली होती, गढीवर लाल कापडाची काठी रोवलेली होती आणि चाकावर सोमेश्वर होता. टेकडीकडे त्याने एकदाच पाहिले, मग नजर गोळ्यांवर ठेवली. पाहुण्यांसमोर अर्पिता लाटेवरून उडाली आणि लाटेवरच उतरली. इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सुरात चालले. यशश्री काठावर उभी होती. तिच्याकडे पेटी नव्हती. तिचे त्या दिवशी तिथे काही काम नव्हते.

कारण पुढीलप्रमाणे होते. धावणारी बोट आपल्यामागे लाट उभी करते आणि इंजिनाचा बराचसा जोर त्या लाटेतच खर्च होतो. त्या वेगाला पाणी फार उथळ असेल, तर लाट पुरती उभी राहू शकत नाही. बोटीचा तो खर्च वाचतो, नियंत्रक जोर काढून घेतो आणि आवाज उतरतो. पाणी उथळ होते, कारण न पाडलेल्या गढीवर साऱ्या गावाने आपल्या भिंती आणून रचल्या होत्या. आणि हे एकट्या सोमेश्वरच्याच हातून घडत होते, कारण तो आपल्या जुन्या उंबऱ्यातून टेकडी जशी दिसे तशीच ती समोर धरून बोट चालवत होता, आणि त्या उंबऱ्यातून टेकडीकडे जाणारी सरळ रेषा गढीवरून जात होती.