देवीच्या घरात सुई

"उंबऱ्याबाहेर पाय टाकलास तर माघारी यायचं न्हाई," सोजराबाई दारात आडव्या उभ्या राहून म्हणाल्या, आणि इंदूने खांद्यावर टाकलेली लेक, अनशी, आणखी घट्ट धरली. लग्नाला दहा वर्षं झाली, सासूपुढे तिने कधी ब्र काढला नव्हता... आज मात्र तिचे डोळे खाली गेले नाहीत.

आठ वर्षांच्या अनशीला वर्षभरापासून मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनची सुई, हे एव्हाना अख्ख्या थेरगावला ठाऊक झाले होते. पण चार दिवसांपूर्वी पोरीच्या अंगावर कांजिण्या उठल्या आणि घरात देवी आली. देवी घरात असली की फोडणी नाही, औषध नाही, आणि टोचणे तर नाहीच नाही! सोजराबाईंनी सुईची डबी माळ्यावर टाकली, इंदूच्या नवऱ्याने, ज्योतीरामने, नेहमीप्रमाणे आईची री ओढली आणि तो पिंपरीला नुकत्याच निघालेल्या कारखान्यात शिफ्टला निघून गेला. पोर तरी कुठे जेवते आहे, मग सुई कशाला, असे इंदूनेही मनाला समजावले. त्याबद्दल ती स्वतःला जन्मभर क्षमा करणार नव्हती.

आज सकाळपासून अनशी पाणी पाणी करत होती, प्यायलेले ओकत होती. दुपारी तिचा श्वास खोल, मोठा, भरभर चालू लागला, विहिरीच्या पायऱ्या धावत चढून आल्यासारखा. आणि तोंडाला अति पिकलेल्या पेरूचा वास. "देवी परसन्न झाली, तिचाच घमघमाट हाय," म्हणत सोजराबाईंनी हात जोडले. इंदूने मात्र तो वास ओळखला. वर्षापूर्वी, आजार कळला त्या खेपेला पुण्याच्या डॉक्टरांनी हाच वास तिला नीट हुंगायला लावला होता आणि बजावले होते, हा वास आला की घरी क्षणभर थांबायचे नाही.

"हा वास देवीचा न्हाई, आत्याबाई. सुई बंद केल्यानं पोरीच्या रक्तात इख साठलंय."

"देवी कोपंल, इंदू."

"कोपली तर माझ्यावर कोपू द्या. पाप माझं, पोर माझी. बाजूला व्हा."

तिने धक्का दिला नाही, ती नुसती पुढे सरकली. आणि सोजराबाईंना वाट द्यावी लागली. शेजारच्या सोनबाने बैलगाडी जुंपली, चिंचवड स्टेशनात पुण्याची गाडी मिळाली.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात अनशीने डोळे उघडले आणि भाकरी मागितली. डॉक्टर म्हणाले, "आजारपणात सुई थांबवायची नसते, बाई. तेव्हा तर ती जास्त लागते. आणखी चार तास उशीर झाला असता तर..." इंदूने पदराचा बोळा तोंडात धरला.

त्याच दुपारी ज्योतीरामच्या मागून सोजराबाई आल्या. सुई बंद होणार नाही, त्यासाठी वेगळी चूल मांडावी लागली तरी बेहत्तर, हे वाक्य इंदूने ओठांवर आणून ठेवले होते. पण म्हातारी खाटेपाशी बसली आणि पोरीच्या तोंडाजवळ नाक नेऊन कितीतरी वेळ हुंगत राहिली.

"गेला..." त्या पुटपुटल्या. "माझी थोरली लेक, गजरा... तिच्या तोंडाला बी ह्योच वास व्हता, इंदू. असाच दम लागला व्हता. मी समजले, देवीनं आपली म्हणून नेली... तीस वर्सं हात जोडत आले."

इंदूच्या ओठांवरचे वाक्य विरून गेले. त्या सुरकुतलेल्या गालांवरून आसवे ओघळत होती, आणि तिने प्रथमच सासूचा हात आपल्या हातात घेतला.

"तुमास्नी तवा कुणी सांगितलं न्हवतं, आत्याबाई."

"आता तू सांगत व्हतीस की," म्हातारी म्हणाली. "वास मी वळखीन, त्यो शिकवू नगंस. सुई धरायला तेवढं शिकव."