विचारणारी

"टुडे आय वॉश्ड द ब्लँकेट," कुंदा म्हणाली.

"व्हाय?" मायने विचारलं.

"बिकॉज इट वॉज डर्टी."

"व्हाय?"

"बिकॉज द कॅट स्लेप्ट ऑन इट."

"व्हाय?"

घोंगडी मळली होती म्हणून धुतली, मांजर झोपलं म्हणून मळली, इथवर ठीक होतं. पण मांजर घोंगडीवरच का झोपलं हे इंग्रजीत कसं सांगायचं? कुंदा डोकं खाजवू लागली. आतून, चुलीपाशी बसलेल्या कमलवहिनीचा आवाज आला,

"कुंदाबाई, त्या मांजरालाच बोलवा ना! सासूबाईंच्या कोर्टात साक्ष देईल ते!"

मायच्या चेहऱ्याची उजवी बाजू हसली. डावी हसत नसे. दोन वर्षांपूर्वी नळावर पाणी भरताना ती कोसळली, तेव्हापासून तिचं डावं अंग गेलं होतं. पौषातलं ऊन ओट्यावर आलं होतं आणि समोरच्या सुपातल्या भुईमुगाच्या शेंगा ती एकेक करून उजव्या अंगठ्याने फरशीवर दाबून फोडत होती. फोल एकीकडे, दाणे एकीकडे. धुळ्याच्या त्या अरुंद गल्लीत गिरणीचा भोंगा होईपर्यंत दुपारी दुसरा आवाज नसे. तो त्या घरातला शेवटचा साधा दिवस होता, हे त्या दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं...

कुंदाचं लिहिण्यातलं इंग्रजी उत्तम होतं. एस. एस. सी. ला तिचा निबंध मास्तरांनी वर्गात वाचून दाखवला होता. पण बोलायची वेळ आली की तिचे दात एकमेकांवर घट्ट बसत. जळगावला टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी मुलाखत झाली, तेव्हा साहेबांनी एवढंच म्हटलं होतं, तुमच्या घराविषयी चार वाक्यं सांगा. चारही वाक्यं तिच्या डोक्यात शुद्ध, नेटकी उभी होती! तोंडातून मात्र एक अक्षर फुटेना. साहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि पुढच्या मुलीला बोलावलं. परतीच्या मोटारीत एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि खिडकीशी बसून ती मनातल्या मनात ती चार वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

त्यानंतर शेजारचे पितांबरनाना तिला म्हणाले होते, "कुंदे, तुझं इंग्रजी वहीत आहे, जिभेवर नाही." नाना निवृत्त तारमास्तर. रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन मायला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. "आम्ही तार शिकलो ती दोघादोघांनी. एक पाठवणारा, एक घेणारा. पलीकडे घेणाराच नसेल, तर नुसतं टकटक करून हात सुधारत नाही."

"घरात कोण आहे नाना, इंग्रजी बोलणारं?"

"बोलणारं नको. विचारणारं पाहिजे."

आणि त्यांनी मायकडे पाहिलं.

यस आणि नो या शब्दांनी बोलणं संपतं, व्हायने ते पुढे जातं, म्हणून नानांनी मायला तेवढा एकच शब्द शिकवला. आजाराने जड झालेल्या जिभेला तो वळायला चार दिवस लागले. तसं पाहिलं तर दोघीही बोलायलाच शिकत होत्या... एकीची जीभ दुखण्याने अडली होती, दुसरीची भीतीने. पहिल्या आठवड्यात कुंदाची रोज तीन वाक्यं झाली. मग पाच. काल जिथे अडलं तीच गोष्ट ती आज पुन्हा सांगे, आणि एका ठिकाणी तरी कमी अडे. चुकलेलं वाक्य वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढे मोठ्याने म्हणायचं, असा तिने नियम केला. चौथ्या महिन्यात मात्र सारं थांबलं. त्याच चुका, तेच अडखळणं! एक दिवस तिने वही माळ्यावर फेकून दिली. त्या दुपारी मायने जेवणाचं ताट सरकवलं आणि भिंतीकडे पाहून विचारलं, "व्हाय?" कुणी काही म्हटलंच नव्हतं. पुन्हा, "व्हाय?" ताटातली भाकरी वाळली तरी ती थांबेना. शेवटी कुंदा रडता रडता हसली आणि बोलू लागली.

पण तिची जीभ खरी मोकळी झाली ती निराळ्याच कारणाने.

घोंगडी आणि मांजर संपल्यावर सांगायला उरलं काय? त्या घरात कुंदाचा दिवस होताच केवढा! नळ, चूल, मायला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, पुन्हा निजवणं. दोन स्थळं आली आणि ओट्यावर बसलेल्या मायला पाहून परत गेली. एका दुपारी ती इंग्रजीत म्हणून गेली, मी दमले आहे. मायने विचारलं, व्हाय? कारण तुला रोज मीच उचलते. व्हाय? कारण या घरात दुसरं कुणी उचलत नाही... ते वाक्य न अडखळता आलं होतं! मनात आधी जुळवावं लागलं नव्हतं. मग रोजच ती खरं बोलू लागली. जे मराठीत ओठांवर आणलं असतं तर तिला पाप वाटलं असतं, ते त्या परक्या भाषेत खळखळून बाहेर पडू लागलं. माय मान हलवायची, शेंगा फोडायची आणि वात्सल्याने विचारायची, "व्हाय?"

जळगावहून मुलाखतीचं दुसरं पत्र येऊन आठ दिवस झाले होते. ते देवाच्या कोनाड्यात पडून होतं. मुलाखत गुरुवारी होती. पत्र आलं त्या दिवशी जेवताना तिच्या थोरल्या भावाने, मगनभाऊने मान वर न करता निकाल दिला होता, "तू जाशी तं मायले कोन देखी? कमलना मागे दोन पोरं शेतस. तठे जाईसन बी दात बसतीन तुना. गपचिप घरमा ऱ्हाय."

मांजराच्या झोपेचं कारण काही सापडलं नाही. कुंदाने विषय सोडला. कोनाड्यातल्या पत्राचं पांढरं टोक तिला ओट्यावरून दिसत होतं. ती एकदम बोलू लागली. भावाविषयी, पत्राविषयी, या ओट्याविषयी. वाक्यामागून वाक्य, एकही चूक नाही, एकदाही थांबणं नाही. आणि शेवटी तिच्या तोंडून गेलं,

"आय शॅल बी फ्री ओन्ली व्हेन यू आर गॉन, माय."

तू जाशील तेव्हाच मी सुटेन...

मायने नेहमीसारखंच प्रेमाने विचारलं, "व्हाय?"

 कुंदा घागर उचलून नळावर निघून गेली. उन्हं उतरल्यावर परत आली तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. वर्तमानपत्राची घडी त्यांनी उघडलेली नव्हती.

"आज शेंगा किडेल शेतस," माय म्हणाली. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा मायला उठवायला गेली, तर मायने तिचा हात झिडकारला.

"मना अंगले हात नको लाऊ."

"काय व्हयनं माय?"

"तुना हात जड शे. रोज माले आपटस. कमल! ए कमल! तू ये, तू उचल माले."

कमल पीठ मळत होती, ती तशाच हातांनी दारात येऊन थिजली. मगनभाऊही कामावर जाता जाता थांबला. "मगन, हिले धाडी दे जळगावले," माय जड जिभेने एकेक शब्द तोडून म्हणाली, "मनाजोडे नको. मी कमलना हातनं खासू."

दोन वर्षं! दोन वर्षांत मायच्या पाठीला एक व्रण पडू दिला नव्हता तिने. आणि या हातांनी आपटते? कुंदाच्या अंतःकरणात काहीतरी कायमचं मिटलं. तिने मायला काही विचारलं नाही, कोनाड्यातलं पत्र घेतलं आणि ट्रंक भरली. गुरुवारी पहाटे उंबऱ्याशी उभी राहून ती इंग्रजीत म्हणाली, "आय ॲम गोइंग."

आणि ती थांबली. एक शब्द... आता तो एक शब्द येईल!

माय भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिने काहीच विचारलं नाही.

जळगावला साहेब तेच होते. या वेळी ते इंग्रजीत म्हणाले, "तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?" व्हाय हा शब्द कानावर पडला मात्र, कुंदाची जीभ आपसूक चालू लागली! साहेबांनी आणखी एक व्हाय विचारला, मग आणखी एक, आणि शेवटी हसून लेखणी खाली ठेवली. तिला जागा मिळाली. एका विधवा मास्तरणीकडे तिची राहायची सोय झाली. कानाला यंत्र लावून ती दिवसभर अनोळखी आवाजांना विचारू लागली, "नंबर प्लीज?" मगनभाऊला तिची पत्रं जात. त्यांत मुलांची चौकशी असे, वहिनीला नमस्कार असे. मायसाठी एक ओळ नसे. होळीला सगळ्या मुली घरी गेल्या. कुंदाने ड्यूटी मागून घेतली.

चैत्रातल्या एका सकाळी समोरच्या स्विचबोर्डाच्या फळीवर धुळ्याचा दिवा लागला. धुळ्याच्या ऑपरेटरने इंग्रजीत, कॉल कुणासाठी आहे ते वडिलांच्या नावासकट सांगितलं. कुंदा हिलाल. "स्पीकिंग," कुंदा म्हणाली. मग लांबून मगनभाऊचा फुटलेला आवाज आला.

"कुंदा... माय गयी वं. पहाटेले. आखो एक झटका वना."

 फळीवर दुसरा दिवा लागला. कुंदाने जोडणीची दोरी काढली, दुसरीकडे लावली आणि म्हणाली, "नंबर प्लीज?" असे तिने तीन कॉल जोडले, स्पष्ट, निर्दोष इंग्रजीत. चौथ्याला शेजारच्या मुलीने तिच्या कानावरचं यंत्र हळूच उतरवलं. कुंदाचा चेहरा हनुवटीपर्यंत भिजला होता, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

कुंदा घरी आली, दहावं झालं, पाहुणे गेले. अकराव्या दिवशी दुपारी कमलवहिनी तिच्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते.

"कुंदाबाई, तुम्ही गेल्यावर पहिले आठ दिवस मी आदळआपट केली, खोटं कशाला सांगू? मग एक दिवस त्या मला म्हणाल्या, बस आठे, काही बोल. मी म्हटलं, मला कुठं इंग्रजी येतं? तर म्हणाल्या, तू तुनं बोल, मी व्हाय म्हनसू." वहिनीने पदर तोंडाला लावला. "पाचोऱ्याहून या घरी येऊन मला सात वर्षं झाली. मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं हो..."

 वहिनीचं रडणं कुंदाला परक्यासारखं दुरून ऐकू येत होतं. कमलसाठी होता तो शब्द, आणि माझ्यासाठी नव्हता!

संध्याकाळी पितांबरनाना आले. आज त्यांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं.

"कुंदे, तुझ्या मायने, भिकुबाईंनी मला शपथ घातली होती, त्या असेपर्यंत बोलायचं नाही. त्या दुपारी तू नळावर गेलीस, तेव्हा त्यांनी मला तुझं एक वाक्य म्हणून दाखवलं. जसंच्या तसं. वर्षभर ऐकून कान तयार झाला होता त्यांचा. म्हणाल्या, याचा अर्थ सांगा."

कुंदाने ओट्याची कड घट्ट धरली.

"मी टाळलं. म्हटलं, काही विशेष नाही. तर म्हणाल्या, नाना, तुम्ही जन्मभर लोकांच्या तारा वाचल्या, वाईट बातमी कधी लपवली का? मग मी सांगितलं."

"सांगितलंत!"

"सांगितलं, पोरी.  मग त्यांनी मला एकच विचारलं. 'नाना, आज ती न अडकता बोलनी ना?' मी म्हटलं, हो, इतकं लांब वाक्य ऐकवलंत तुम्ही तिचं, एकही चूक नाही. तर त्यांच्या तोंडावर काय आनंद आला म्हणून सांगू! म्हणाल्या, 'मंग आते तिले धाडाले पाहिजे. पन मी गोड बोलनू तं ती जानार नही.'"

नाना काठी टेकत निघून गेले. गल्ली ओस पडली. मायच्या बसण्याच्या जागेवर, फरशीच्या फटीत, शेंगेचं एक फोल अडकून राहिलं होतं. कुंदा समोर बसली, नेहमीच्या आपल्या जागी. म्हणजे अंगावरचा हात झिडकारताना तो हात किती हलका आहे हे मायला माहीत होतं... भिंतीकडे तोंड करून निजली तेव्हा तो शब्द तिने दातांखाली धरून ठेवला होता!

आणि त्या दुपारचा प्रश्न अजून तसाच होता. उत्तर न देता ती घागर घेऊन उठली होती. वर्षभर ती मायशी एका परक्या भाषेत बोलली. हे एक उत्तर तरी मायच्या भाषेत द्यायला हवं होतं. तिने घसा खाकरला. दात घट्ट बसत होते, जळगावच्या त्या पहिल्या दिवसासारखे. तिने ते उघडले आणि मोठ्याने, घरात ऐकू जाईल अशी ती बोलली,

"माय, तू इचारं व्हतं ना, व्हाय? आते सांगस. माले सुटनं व्हतं, पन तुनापासून नही. तुले समजनार नही म्हनीसन बोलनू मी... या बठ्ठा घरमा माले इचारनारी तू एकलीच व्हती, माय. मंग मनं दुख मी आखो कोनले सांगतू?"