पाठ आणि खुर्ची यांच्यामधली फट

सूनबाईनं कागद आणून पुढ्यात आपटले आणि म्हणाली, "बाबा, येईल त्याला तोंडी सांगत बसता आणि मला चहा टाकत बसावं लागतं. एकदाचं लिहून टाका." जसं काही मीच लोकांच्या मागे लागतो. लोक आपणहून येतात, पाय पसरून बसतात, विचारतात. मला लिहायचा कंटाळा. अक्षर कोंबडीच्या पायाचं, शाळेशी माझं कधी पटलं नाही. तरी लिहितो. ज्याला चुका काढायच्या असतील त्यानं स्वतः लिहावं.

गोष्ट एका पोरीची आहे. मी तिच्यात खुर्चीवर बसलेला म्हातारा, तेवढंच. म्हणून म्हाताऱ्याला म्हातारा म्हणतो आणि पुढं जातो.

चित्रकलेच्या कॉलेजात वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. एका अंगाला छतापर्यंत काच. दुपारचा उजेड तिथून आत यायचा, पण ऊन म्हणून कधी यायचं नाही. टर्पेंटाइनचा आणि ओल्या मातीचा वास भिंतींत मुरलेला. कोपऱ्यात प्लास्टरची मुंडकी, धूळ बसू नये म्हणून फडक्याखाली झाकलेली. मधोमध लाकडी चौथरा, चौथऱ्यावर खुर्ची, खुर्चीवर म्हातारा. भोवती इझलच्या तिकाट्या लावून पोरं त्याला बघून चित्र काढायची. त्याचं काम बसायचं. लोकांना वाटतं सोपं आहे. बसून बघा. नाकावर माशी बसली तर माशीनंच कंटाळून उठायचं असतं. चहाला उतरायच्या आधी त्याच्या पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूनं रेघ मारत. परत आला की पाय त्याच रेघेत.

त्या पोरीला सगळा वर्ग खोडरबर म्हणायचा. काढायची थोडं, खोडायची फार. कागदाला भोक पडलं की मग थांबायची. बापाचं लोखंडी सामानाचं दुकान. आदल्या साली ती याच विषयात नापास झाली, तेव्हा बापानं सांगितलं होतं की अजून एक वर्ष देतो, पुन्हा नापास झालीस तर निमूट दुकानात बसायचं आणि खिळे तोलायचे. बाप वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

पोरीची खोड अशी की ती डोळ्यांनी बघायचीच नाही. डोळा म्हटलं की मासा काढून मोकळी. खुर्ची म्हटलं की चार पाय, मग ते दिसोत न दिसोत. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप कसं घ्यायचं ते त्यांनी तिला सांगून सांगून घसा कोरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बाई म्हणाल्या, तू माणूस काढूच नकोस, खुर्चीही काढू नकोस. त्यांच्या अधेमधे ज्या रिकाम्या जागा दिसतात तेवढ्याच कोळशानं काळ्या कर. कोपराखालची, खुर्चीच्या पायांमधली, म्हाताऱ्याची पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यामधली. रिकाम्या जागेला नाव नसतं, त्यामुळे तुझं डोकं मधे तोंड घालणार नाही.

आणि जमलं की. म्हातारा जरा पुढं झुकून बसायचा, त्यामुळे त्याच्या पाठीमागं एक लांब फट राहायची, खाली रुंद, वर मानेकडं निमुळती. पोरीनं ती काळी केली. मग कोपराखालची, मग पायांमधल्या. मागं सरून बघितलं तर काळ्यातून एक पांढरा म्हातारा पांढऱ्या खुर्चीवर बसून तिच्याकडं खांदा करून होता. एकदाही न खोडता. बाईंनी ते चित्र भिंतीला टाचलं. त्या दिवशी पोरगी चहाला उतरली नाही, नुसती भिंतीसमोर उभी राहिली.

बाईंनी फर्मान काढलं, परीक्षेपर्यंत हीच बैठक, परीक्षेलाही हीच. रोज नव्या कागदावर काढा.

पुढच्या खेपेला पाठीमागची फट थोडी कमी काळी झाली. खालच्या अंगाला, बैठकीजवळ. पोरीला वाटलं, आपलंच चुकलं. एक डोळा मिटून माप घेतलं तर माप बरोबर. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. विहिरीत रात्रीतून पाणी चढावं तशी ती फट खालून वर भरत चालली. बाकीच्या जागा जशाच्या तशा. कोपराखालची तीच, कानामागं खिडकीची दांडी यायची तिथंच. खुर्चीची कड सरळ, म्हाताऱ्याची पाठ तेवढीच वाकलेली. फक्त त्या दोहोंच्या मधे कागदाचा एक पांढरा तुकडा उरायला लागला. तो म्हाताऱ्याचा नव्हता आणि खुर्चीचाही नव्हता.

आता गंमत अशी, की म्हातारा म्हणून बघितलं, खुर्ची म्हणून बघितलं, तर तिथून पलीकडची भिंत सरळ दिसायची. पण बाईंनी शिकवलं तसं, डोळे बारीक करून, कशालाच नाव न देता बघितलं, की भिंत दिसायची नाही.

चहाच्या वेळी तिनं म्हाताऱ्याला हळूच विचारलं, काका, बसल्यावर पाठीला काही लागतं का हो. म्हातारा म्हणाला, वय लागतं. ती हसली, पण पुरतं हसली नाही. मग जिन्यात उभ्यानं तिनं त्याला हे सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि बशी धुऊन ठेवली. त्याच्या पाठीला गार लागत नव्हतं, गरम लागत नव्हतं. काहीच लागत नव्हतं. तसं तिला त्यानं सांगून टाकलं.

एके दिवशी बाई तिच्या इझलपाशी थांबल्या. कोळशाची करकर चालू होती.

"हे पांढरं काय सोडलंयस?"

"ते... रिकामं नाही, मॅडम."

मागून कुणीतरी म्हणालं की खोडरबर आता हवा पण खोडते. पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या जागी उभं राहून हात लांब केला, डोळा मिटला, पेन्सिलीवर माप घेतलं. परत घेतलं. पेन्सिल खाली आली तेव्हा त्यांचा चेहरा पोस्टाच्या पाकिटासारखा बंद झाला होता. आणि मग त्या म्हाताऱ्यावर घसरल्या. भर वर्गात. म्हणाल्या, नुसतं बसायचं काम दिलंय, तेही धड होत नाही. हा माणूस रोज हलतो. पाय रेघेत ठेवतो आणि धड मागं सोडतो. दुपारी काय घेऊन येतो देव जाणे. ज्या माणसानं जन्मात चहापेक्षा कडक काही घेतलं नाही, त्याला हे. म्हातारा तेव्हाही हलला नाही. काम चालू होतं.

बाई पोरीकडं वळल्या. आवाज उतरला. म्हणाल्या, मॉडेल हलला एवढंच म्हण. तुझी चूक नाही असं मी लिहिते, परीक्षेत भिंतीवरच्यासारखं काढ, पास होशील. नुसती मान हलवायची होती. तिच्या डोळ्यांपुढं तराजू आणि खिळे नाचले असणार.

"काका हलले नाहीत," ती म्हणाली.

"मग तुला बघताच येत नाही. मग यंदाही राहा."

परीक्षेच्या दिवशी पाऊस नव्हता, वारा नव्हता, काही नव्हतं. नेहमीसारखा उजेड. भिंतीवर तिचं पहिलं चित्र टाचलेलं होतंच. ते तिला पाठ होतं. डोळे मिटून उतरवलं असतं तरी पास. तिनं कोपराखालची जागा काळी केली. पायांमधल्या केल्या. मग पाठीपाशी आली आणि डोळे बारीक केले.

फट राहिलीच नव्हती. मानेजवळ एक लहानसा त्रिकोण उरला होता, बस. त्याची खालची बाजू सरळ नव्हती, गोल होती. मागं बसलेल्या कुणी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवावी, तशी गोल.

तिनं तेवढा त्रिकोण काळा केला आणि कोळसा खाली ठेवला.

खोलीतली करकर एकेका इझलपाशी थांबत गेली. बाई तिच्या मागं येऊन उभ्या होत्या, केव्हापासून कुणास ठाऊक. मग त्या तडक चौथऱ्यावर चढल्या. बघा, म्हणाल्या, इथं जागा आहे, चांगली हातभर जागा आहे, आणि आपला हात सपाट करून म्हाताऱ्याच्या पाठीमागं घातला.

हात अर्ध्यात थांबला.

म्हाताऱ्याची पाठ म्हाताऱ्याला ठाऊक. पाठीला बाईंचा हात लागला नव्हता.

"काका... थोडं पुढं सरका..."

"मी पुढंच आहे," म्हातारा म्हणाला.

बाईंनी हात सावकाश, झोपलेलं मूल जागं होऊ नये तसा, बाहेर काढला. तळव्याकडं बघितलं. मग कोपऱ्यातल्या नळावर जाऊन धुतला, आणि धूतच राहिल्या. कागद गोळा करायला शिपाई आला.

पोरगी पास झाली. नुसती नाही, वर्गात पहिली. बापानं गिऱ्हाइकांना धरून धरून सांगितलं. म्हाताऱ्याला मात्र ऑफिसातून निरोप आला की यायची गरज नाही. कारण काय, तर मॉडेल स्थिर बसत नाही.

परवा ती पोरगी माझ्या घरी आली होती. नवा मॉडेल ठेवलाय म्हणाली, त्याच खुर्चीवर, तसाच झुकून बसतो. डोळे कितीही बारीक केले तरी त्याच्या मागची फट स्वच्छ. पलीकडची भिंत दिसते. मी ओसरीच्या बाकावर बसलो होतो. बाजूला ऐसपैस जागा होती. बस म्हटलं, तर बसली नाही. सूनबाईनं चहा दिला तोही उभ्यानं प्याली.

"येते काका," म्हणाली. पायरीपर्यंत गेली, वळली, डोळे बारीक केले. मग माझ्या खांद्याच्या जरा वर बघून, वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशा खालच्या आवाजात, पुन्हा म्हणाली, "येते."

सूनबाई म्हणते, ते काय होतं ते लिहा. मला काय ठाऊक. माझी पाठ माझ्या मागं आहे. मला ठाऊक एवढंच, की मी हललो नव्हतो, आणि हात घालून खात्री करून घेतली त्या चित्रकलेच्या बाईंनी माझी माफी अजून मागितलेली नाही.