साक्षीपट्टी

त्या रुग्णालयाच्या कर्करोग विभागात आता कुणी रडत नसे. आत शिरलं की वाचनालयात आल्यासारखं वाटे. खाटाखाटांवर माणसं डोळे मिटून बसलेली आणि प्रत्येकाच्या कपाळावर एक बोटभर रुंद राखाडी पट्टी. तिला साक्षीपट्टी म्हणत. नातेवाईक तिच्यावर बेहद्द खूश होते, आणि त्यांत सगळ्यांत खूश होता पुष्कर सबनीस.

त्याची बायको मृण्मयी हिला रक्ताचा कर्करोग होता. पहिल्याच दिवशी डॉ. रेश्मा तडवींनी त्याला नीट समजावलं होतं.

"दुखतंय हे मेंदूतली एक जागा सांगते. 'आता माझं कसं होणार' ही गोष्ट दुसरी जागा रचते. माणूस ध्यानाला बसून श्वासाकडे नुसता बघत राहिला की या दोघींचं बोलणं कमी होतं. दुखणं राहतं, धसका जातो."

"मग पट्टी कशाला?"

"ते साधायला वर्षं लागतात, आणि आजारी माणसाकडे वर्षं नसतात. पट्टी हलक्या विजेनं दोघींमधली वाट अडवते. पण ध्यानाला बसायचं त्यांनी स्वतः. पट्टी म्हणजे नुसती कुबडी. रोज थोडाच वेळ लावा, नाहीतर वाट कायमची बुजेल."

पट्टीचा ताबा मात्र नातेवाइकाच्या फोनवर असे. आपल्याकडची रीतच ती. रिपोर्ट नवऱ्याच्या हातात पडतो, डॉक्टर मुलाला बाहेर बोलावून बोलतात आणि मग सगळे तोंडावर हसू चिकटवून आत येतात. पुष्करनंही तेच केलं. औषध लागू पडत नाही हे त्याला कळलं, आणि मृण्मयीला त्यानं सांगितलं, "सुधारणा आहे."

मृण्मयी काही कुक्कुलं बाळ नव्हती. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई ती. नवऱ्याची थाप तिला त्याच्या चपला काढण्यावरून कळे. संध्याकाळ झाली की ती त्याचा हात घट्ट धरी. "पुष्कर, खरं सांग ना रे. मी जगणार आहे ना?"

तो विषय बदले. एका संध्याकाळी त्यानं गुपचूप फोन काढला आणि पट्टीची वेळ वाढवली. त्या दिवशी तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी वाढवली. तिला बरं वाटावं म्हणून, असं तो स्वतःला बजावत राहिला. साफ खोटं होतं ते. सुटका त्याला हवी होती.

हळूहळू तिचं विचारणं बंदच झालं. मग एकदा लेकीचा फोन आला. पोरगी हमसून हमसून रडत होती आणि मृण्मयी शांतपणे म्हणाली, "रडू येतंय ना? येऊ दे. जाईल." आणि फोन बाजूला ठेवून दिला. पुष्कर हादरला आणि त्यानं तिच्या कपाळावरची पट्टी ओढून काढली. दोन दिवस गेले तरी फरक पडला नाही, तेव्हा तो डॉक्टरांकडे धावला.

"पट्टी काढली तरी ती तशीच आहे हो! तिची भीती परत आणा."

"किती वेळ लावत होतात?"

"दिवसभर," तो खालमानेनं म्हणाला.

"भीती आणि माया एकाच वाटेनं येतात, सबनीस. माझा जीव, माझा नवरा, माझी मुलगी. 'माझं' म्हणणारी जागा एकच. ती वाट बुजली."

"पुन्हा मोकळी होणार नाही?"

"झालीच, तरी तेवढा वेळ त्यांच्याकडे नाही."

तो मृण्मयीच्या खाटेपाशी येऊन बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. रिपोर्टबद्दल मारलेली थाप, वाढवलेली वेळ, आणि हे सगळं आपण कुणासाठी केलं तेही. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"बरं केलंस, सांगितलंस."

"अगं, रागव ना माझ्यावर! शिव्या घाल, मार मला!"

तिनं डोळे मिटले. क्षणभर आत कुठंतरी पाहून आली. "शोधला राग. नाहीये रे."

मग तिनं हसून त्याच्या हातावर हात ठेवला. "दमलायस. जेवलास का?"

त्याला हुंदका फुटला. तिनं माफ केलं, एवढं तरी आपल्या वाट्याला आलं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात सलाइन बदलायला एक नवीन सिस्टर आली. मृण्मयी तिच्याकडे वळली, तेच हसू हसली, आणि तिच्याही हातावर हात ठेवून त्याच आवाजात म्हणाली, "दमलात. जेवलात का?"