साडेतीन फुटांची चोरी

साडेतीन फूट चोरीला गेले होते, ते मीटरबाईनं तीन दिवसांत शोधून काढले. चोर सापडला, त्यानं कबूलही केलं, आणि त्याचा कुणाला काडीचाही उपयोग झाला नाही.

पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. अजून काही झालेलं नाही. सोमवार आहे, सकाळचे नऊ वाजलेत आणि मीटरबाई स्टुलावर उभी आहे.

गल्लीच्या टोकाला पंपघर होतं. त्याच्या भिंतीवरचा वीजमीटर इतका उंच, की तो वाचायला मीटरबाई अकरा वर्षं समोरच्या घरातून स्टूल आणत होती. समोरचं घर तिच्या ताईचं. त्यामुळे स्टूल फुकट मिळायचं, आणि टोमणेही.

"पडू नकोस," ताई खिडकीतून म्हणाली. "स्टूल नवं आहे."

मीटरबाईनं आकडा टिपला आणि उतरण्यासाठी खाली पाहिलं. खाली तिच्या पायांच्या पातळीला, त्याच भिंतीवर, पत्र्याची पाटी होती. तांबडी रेघ, आणि रेघेखाली अक्षरं: पुराचे पाणी येथपर्यंत आले होते.

मीटरबाई स्टुलावरच थांबली.

खात्याचा नियम तिला तोंडपाठ होता. अठरा वर्षांपूर्वीच्या पुरानंतर या गल्लीतले सगळे मीटर वर चढवले गेले होते. मीटर पूरपातळीच्या एक फूट वर बसवावा. एक फूट. तिनं पिशवीतली टेप काढून मोजलं. पाटी आणि मीटर यांच्यात साडेचार फूट होते.

म्हणजे एक तर खात्यानं सांगितल्यापेक्षा जास्त काम केलं होतं, किंवा कुणीतरी पाटी खाली आणली होती. पहिली शक्यता तिनं लगेच सोडून दिली. ती त्या खात्यात नोकरीला होती.

एरवी हे कुतूहलाचं काम झालं असतं. पण आदल्याच दिवशी गल्लीत नोटीस फिरली होती: वरच्या धरणाचे दरवाजे पुढच्या आठवड्यात सोमवारी उघडणार, पाणी मागच्या पुराच्या पातळीपर्यंत येण्याची शक्यता. चाळीस घरांनी पाटी पाहिली. कमरेइतकी. चाळीस घरांनी गाद्या टेबलांवर चढवल्या आणि ती निवांत झाली.

ताईच्या घरातही टेबलांवर डोंगर झाला होता. भावोजींचं तसबिरींच्या चौकटी बनवायचं दुकान घरातच. ते एकेक चौकट शिडीवरून माळ्यावर नेत होते.

"कमरेएवढ्या पाण्याला माळा कशाला, भावोजी?"

"काचेला ओल सोसत नाही," ते म्हणाले, आणि पुढची चौकट उचलली.

"ताई, मागच्या वेळी पाणी किती होतं गं?"

ताईनं हात दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला नेला आणि मग ओशाळून कमरेवर आणला. "मला ते दारावरून गेल्यासारखं आठवतं. पण हे म्हणाले, भीती पाण्याला दोन फूट चढवते. वर्षभर डोळ्याला डोळा लागत नव्हता माझा. खिडकी उघडली की समोर ती पाटी. मग पंपघराला रंग दिला ना, त्या सुमाराला झोप लागायला लागली. रंगानं बरं वाटतं माणसाला."

"आणि पुराचा विमा?"

"घराचा विमा आहे की!"

"तो आगीचा आणि चोरीचा. पुराचा वेगळा घ्यावा लागतो."

"तो बंद केला. पुराचा नवा नकाशा आला आणि आपण पूररेषेबाहेर गेलो ना! त्या दिवशी गल्लीनं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते."

मंगळवारी मीटरबाई नकाशा कचेरीत गेली. कारकून खिडकीमागे शाईचा शिक्का पुसत होता.

"पुराचा नकाशा काढताना गल्लीची उंची कशावरून घेतली?"

"पाटीवरून."

"पाटी बरोबर आहे हे कशावरून?"

"नकाशावरून."

"माणसांना विचारलं नाही?"

"एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, माझ्या डोक्यावरून गेलं. पण आजोबांचं डोकं आमच्या दफ्तरात नाही."

"पाटी परत लावली कुणी? रंग देताना काढली असेल ना?"

त्यानं फाईल उलटली. "काढण्याचं काम रंगवाल्याला दिलेलं दिसतं. लावण्याचं कुणालाच दिलेलं नाही."

संशय साहजिकच घरांच्या दलालावर गेला. रेषा हलल्यावर त्यानं गल्लीतली तीन घरं विकली होती. मीटरबाईनं त्याला त्याच्या ऑफिसच्या पायरीवर गाठलं.

"पाटी तुम्ही खाली आणलीत?"

"मी?" दलालाचा खरोखर अपमान झाला. "बाई, मी आणली असती तर घोट्यापर्यंत आणली असती. मी कामं अर्धवट सोडत नाही."

हे मीटरबाईला पटलं, आणि पटल्यामुळेच तिचं मन खचलं. कारण मग प्रश्न उरत होता: कमरेपर्यंतच का?

बुधवारी सकाळी तिनं पुन्हा स्टूल लावलं. मीटरखाली बरोबर एक फुटावर भिंत ठोकली. चार ठिकाणी आवाज बद्द आला. रंग खरवडला, तर भोकं बुजवलेली. आत सिमेंट नव्हतं. सरसात कालवलेला लाकडाचा भुसा होता.

मग तिनं पाटी पाहिली. चार पितळी स्क्रू, आणि चारही डोक्यांवरच्या खाचा अगदी उभ्या, एका रेषेत. असे स्क्रू कोण लावतं? गवंडी तर मुळीच नाही. ताईच्या बैठकीत आरसा, लग्नाचा फोटो, सासऱ्यांची तसबीर, सगळीकडे खाचा अशाच उभ्या होत्या. त्यावर ती लग्नापासून हसत आली होती.

आता तिला हसू आलं नाही.

संध्याकाळी तिनं गल्ली पंपघरापुढे जमवली. चाळीस घरांतली माणसं आली. विमावाला आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. गल्लीनं विमा बंद केल्यापासून त्याला कुणीच कुठे बोलावत नव्हतं.

"पाणी कमरेपर्यंत आलं नव्हतं," मीटरबाई म्हणाली. "साडेसहा फूट आलं होतं. मीटर तिथे आहे म्हणून आपल्याला कळतं. पंपघराला रंग दिला तेव्हा पाटी काढली, आणि एका माणसानं ती साडेतीन फूट खाली लावली. भोकं भुशानं बुजवली. स्क्रूच्या खाचा जुळवल्या, कारण न जुळवता त्याला राहवतच नाही. लोभी माणसानं पाटी घोट्यापर्यंत नेली असती. याला कुणाची तरी समजूत घालायची होती. अगदीच खाली नेली असती तर तिला पटलं नसतं." तिनं समोरच्या घराकडे पाहिलं. "आणि या आठवड्यात सगळ्या गल्लीनं सामान टेबलावर ठेवलं. एकानंच माळ्यावर नेलं."

भावोजी शिडी धरल्यासारखे उभे होते, शिडी नसताना.

"ती झोपत नव्हती," ते म्हणाले. "मला वाटलं, तिच्यापुरतंच आहे. नकाशावाले ती पाटी मोजतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मग मोजली, आणि सगळे एवढे खूश झाले... त्यात मी काय बोलणार?"

ताईनं समोरच्या आपल्या दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेकडे पाहिलं.

"म्हणजे मला वेड लागलं नव्हतं," ती म्हणाली. "सतरा वर्षं तू मला वेडी ठरवलंस. झोपवायला."

भावोजींना तिनं आयुष्यात पहिल्यांदा 'अरे-तुरे' केलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

विमावाल्यानं घसा साफ केला. "मी ओरडून सांगत होतो, रेषेबाहेर म्हणजे पाण्याबाहेर नव्हे. पाण्याला नकाशा वाचता येत नाही. तुम्ही म्हणालात, हा पोटासाठी बोलतो."

"मग आत्ता द्या ना विमा!" कुणीतरी ओरडलं.

"देतो. आत्ता देतो." त्यानं अर्ज काढले, आणि मग तो जमिनीकडे बघत राहिला. "पण तो तीस दिवसांनी लागू होतो. लोकांनी ढग बघून विमा घेऊ नये म्हणून नियम आहे."

सोमवारला पाच दिवस होते.

माणसं घरी गेली आणि गाद्या टेबलांवरून माळ्यांवर नेऊ लागली. बहुतेक घरांना माळा नव्हता. मीटरबाई स्टूल परत द्यायला आत गेली, तर भावोजी रिकाम्या चौकटींमध्ये बसून अर्ज लिहीत होते. प्रत्येक ओळ पट्टीनं मारलेल्या रेघेवर होती.

*प्रति, मा. कार्यकारी अभियंता, धरण विभाग.*
*विषय: पाणी पंचवीस दिवस उशिरा सोडण्याबाबत.*
*महोदय, आमच्या गल्लीचा पूरविमा लागू होण्यास तीस दिवस लागतात व हाती पाच आहेत. तरी पाऊस व नदी यांना उर्वरित पंचवीस दिवस वरच थांबण्याचे लेखी आदेश व्हावेत. ते शक्य नसल्यास, पाण्याने पंपघरावरील पाटीचे पालन करावे व कमरेच्या वर येऊ नये, ही नम्र विनंती.*