डावीकडची जागा

त्या दिवशी लालासाब नालबंदाची दाढी अर्धीच झाली होती. उजवा गाल गुळगुळीत, आणि डाव्या गालावर आठवड्याची पांढरी खुंटं तशीच. तरी अंगणात बाजेवर बसून, आरशात बघत, मोठ्या समाधानानं तो वस्तरा पुसत होता. जणू आत्ता उठून ईदच्या नमाजालाच जायचंय!

फाटकाशी घोडा धरून उभ्या असलेल्या कुतुबुद्दीनला हसू आलं. आवरायच्या आत आलं.

"हसायला काय झालं, पावणं?"

दारात एक मुलगी उभी होती. कोपरापर्यंत पिठाचे हात, ओढणी कमरेला खोचलेली. डोळे मात्र असे, की कुतुबुद्दीन दोन पावलं मागंच सरला.

"न्हाय, ते... नाल निघालाय. दवाखान्याच्या टांग्याचा घोडा आहे, म्हणून..."

"नाल निघाला की हसत्यात व्हय तुमच्या दवाखान्यात?"

पुण्यात तीन वर्षं डॉक्टरी शिकून आलेला माणूस उगाच टोपी सारखी करू लागला. तिनंच मग हात झटकले. "नाल आता दिलदार मारतोय, पागेच्या मागच्या अंगाला. हितं कोन मारत न्हाय." आणि आवाज खाली आणून, "रोज अशीच दाढी करत्यात. डावा गाल ऱ्हायला म्हटलं, तर मलाच म्हणत्यात, केली की!"

कुतुबुद्दीनचं हसू गेलं. त्यानं घोड्याचा लगाम फाटकाला अडकवला.

"आणि जेवताना? ताटातली डावीकडची भाकरी तशीच राहते?"

ती उंबरा ओलांडून जवळ आली. मग हळूच म्हणाली, "तुमाला कुनी सांगितलं?"

तिचं नाव रोशनबी. महायुद्धाचं दुसरं वर्ष होतं ते. महाराजांच्या पागेत पंचवीस वर्षं घोड्यांचे खूर मांडीवर घेऊन बसलेल्या लालासाबच्या अंगावरनं जेठात वारं गेलं होतं. डावा हात लुळा पडला, पाय ओढत का होईना, चालता झाला. पण डावीकडचं जगच त्याच्यापुरतं पुसलं गेलं. इमामबी फुफीनं पारव्याचं रक्त चोळलं, दर्ग्यात चादर चढवली. भावाच्या ताटातली उरलेली अर्धी भाकरी बघून तिची खात्रीच पटली, की डाव्या बाजूला कुणीतरी बसलंय आणि त्याच्यासाठी ती ठेवली जातेय. रोशन काही बोलायची नाही. बापानं अर्धं जेवण संपवलं की ताट फिरवून ठेवायची. मग तो उरलेलं खायचा, आणि दरवेळी म्हणायचा, "आजून वाढलीस व्हय?"

कुतुबुद्दीन दुसऱ्या दिवशी परत आला. डोळ्यांपुढं बोट फिरवून बघितलं, मान हातानं वळवून बघितलं. मग रोशनला म्हणाला, "डोळे चांगले आहेत. दिसतं सगळं. पण त्या बाजूला बघायचं असतं, हेच मेंदू विसरलाय."

"मग आठवंल की कवातरी?"

"आठवण करून द्यायची. कशी, तेच शोधतोय मी. वॉर्डात असेच आणखी दोघं आहेत. एक आकाराम म्हणून, कळंब्याचा. मोठ्या साहेबांना अहवाल द्यायचाय. उपाय लागू पडला तर मुंबईला पाठवतील म्हणालेत."

उपाय सापडला तो मात्र रोशनला. घोडा एका बाजूला बुजत असेल तर त्या डोळ्याला झापड लावतात, हे तिनं जन्मापासून बघितलेलं.

"अब्बा सारकं उजवीकडंच बघत्यात न्हवं? मग उजवीकडलंच झाकायचं. मान वळवल्याबिगार करत्यात काय?"

जुन्या लगामाची झापड कापून तिनं पट्टा शिवला. परातीत वीस खिळे पसरायचे आणि बापाला सगळे उचलायला सांगायचं, ही परीक्षाही तिच्याच घरातली. पहिल्या दिवशी लालासाबनं आठ उचलले. सगळे उजवीकडचे. "झालं! परात रिकामी," तो म्हणाला. तीन आठवड्यांनी बारा झाले. वहीत बारा लिहून कुतुबुद्दीननं त्याखाली दोन रेघा ओढल्या. साहेबांनी लगेच आकारामलाही झापड बांधायला लावली.

लालासाबची बाज उजव्या अंगानं भिंतीला टेकलेली. बसायला जागा ती डावीकडंच. एक दिवस कुतुबुद्दीन तिथं स्टुलावर बसून लिहीत होता आणि लालासाब भिंतीकडं बघत म्हणाला, "डाक्टर गेलं व्हय गं?"

दोन हातांवर डॉक्टर! कुतुबुद्दीननं तोंड उघडलं... आणि रोशननं ओठांवर बोट ठेवलं.

"गेलं, अब्बा. मगाशीच."

बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती. ओल्या भिंतींचा, लोखंडाचा, गुळाच्या चहाचा वास होता. डावीकडनं हाक मारली तरी लालासाब उजवीकडं वळून बघायचा. मग त्याच्या डाव्या बाजूला, भर दुपारी, उघड्या दारात, दोन माणसं जगाच्या बाहेर असल्यासारखी बसून राहिली.

"तुमच्या वहीत माजं नाव हाय का?" तिनं विचारलं. अगदी हळू.

"आहे की. 'मुलगी झापड बांधते.'"

"एवडंच?"

"साहेब वाचतात ती वही..."

"आन् साहेब वाचत न्हाईत ती?"

"ती अजून विकत घेतली न्हाय."

"घ्या की मग. शाहूपुरीत मिळत्यात."

तो हसला, आणि हसू दाबताना चहा सांडला त्याच्या विजारीवर. तिनं ओढणीचं टोक पुढं केलं... मग मागं घेतलं. एवढंच. पण त्या रात्री बापाचा श्वास नीट चालतोय ना, हे बघायला ती नेहमीसारखी तीनदा उठली, आणि तिन्ही वेळा त्या रिकाम्या स्टुलाकडंही बघून आली.

भादव्यात लालासाब फुफीला म्हणाला, "परातीतलं वीसच्या वीस खिळं उचललं ना, त्या दिवशी काझीला बलवायचं. दिलदारचा आन् रोशनचा निका लावून टाकायचा. माजं हत्यार त्येच्याच हातात गेलंय, पोरगी बी जाऊ दे."

दिलदार चुलत्याचा मुलगा. वाईट अजिबात नव्हता. येताना फुफीला पेरू आणायचा, लालासाबचे पाय चेपायचा, रोशनशी बोलताना खाली बघायचा. त्याच्यात काही खोट काढता आली असती, तर रोशनला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं झापड काढून खुंटीला अडकवली, आणि तशीच राहू दिली.

"किती?" कुतुबुद्दीननं आल्याआल्या विचारलं.

"बारा."

पुढच्या आठवड्यातही बारा. त्याच्या पुढच्याही. झापड न बांधता बाप आपल्या आपण चौदावर गेला, सतरावर गेला. ती परात कुतुबुद्दीन यायच्या आधीच उचलून ठेवायची. रात्री बापाच्या उशाशी बसून तिला वाटायचं, याला ताप येईल, काहीतरी होईल, आणि ते माझ्यामुळंच होईल. सकाळी पुन्हा म्हणायची... बारा.

दसऱ्यानंतर ती बापाला दाखवायला दवाखान्यात घेऊन गेली. व्हरांड्यात एक म्हातारा बसला होता, डावा हात खांद्यापर्यंत फडक्यात गुंडाळलेला. शेजारी त्याची बायको. सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती कुणाला तरी सांगत होती.

"चुलीम्होरं बसलं हुतं ओ! हात जाळात गेला, आन् ह्येंला पत्त्या न्हाय! मांस जळाल्याचा वास आला तवा मी धावलो. मला म्हनत्यात, चिमणे, कोंबडी भाजतीस काय?"

रोशनचे पाय थांबले. "झापड... बांधत न्हवतासा?"

"तुला गं काय ठावं झापड? बांधत हुते की दीड म्हैना. बरं बी वाटत हुतं. मग सायबानं काडून घेतली. म्हनला, कुन्या नालबंदाला आजून चार आठवडं बांधून बगितली, एक खिळा वाढला न्हाय, सोडा ह्यो खेळ. खाट रिकामी केली आमची."

म्हातारा आकाराम उजवीकडच्या खांबाकडं बघत हसत होता. त्याला काहीच दुखत नव्हतं.

कुतुबुद्दीन औषधांच्या खोलीत सापडला. रोशननं दार लोटलं नाही, बसलीही नाही.

"सतरा," ती म्हणाली.

"काय?"

"अब्बा सतरा उचलत्यात. झापड मी बांधलोच न्हाय. पाच आठवडं. मी खोटं बोललो तुमच्याशी."

तो बघत राहिला. हातातली बाटली त्यानं इतकी सावकाश खाली ठेवली, की तिला ओरडणं परवडलं असतं.

"का?"

"वीस झालं की निका हाय माजा. दिलदारशी." तिनं दाराची चौकट धरली. "आन् वीस झालं की अब्बांस्नी डावीकडचं दिसंल. तुमी बसता तितलं."

बाहेर चिमणाबाईचा आवाज चालूच होता.

"मला विचारायचं होतंस, रोशन."

"काय इचारू? तुमी काय बोलला हुता कवा? वही घेतो म्हनला हुता, ती बी घेतली न्हाय!"

तो खिडकीकडं वळला.

"घेतलीय," तो म्हणाला. "दोन महिने झाले. आणि तिच्यात लिहिलंय... तू बारा सांगत होतीस, त्याच्या चौथ्या आठवड्यात मी तुमच्याकडं बसलो होतो. लालासाबांच्या डाव्या कानावर माशी बसली. त्यांनी मान वळवून ती हाकलली. मी बघितलं. बारा खिळ्यांचा माणूस असं करत नाही, हे मला कळलं होतं, रोशन. पण साहेबांच्या वहीत मी बाराच लिहिले."

"का?" या वेळी तिनं विचारलं.

"तू मला बारा का सांगितलेस, त्याचसाठी."

प्रेमाची कबुली म्हणतात ती हीच असणार. पण दोघांपैकी कुणाला दुसऱ्याकडं बघवेना. व्हरांड्यातून जळक्या कातडीचा वास येत होता.

कुतुबुद्दीन त्याच दुपारी साहेबांपुढं गेला आणि त्यानं खरे आकडे सांगितले. मुंबईला जायचं कायमचं राहिलं. लढाईमुळं दवाखान्यात माणसं कमी, म्हणून नोकरी तेवढी राहिली. रोशननं घरी येऊन बापाच्या समोर, उजव्या बाजूला, भिंतीला पाठ घासत कशीबशी जागा केली आणि सगळं सांगितलं. खिळे, झापड, डॉक्टर. आकारामचा हात.

लालासाब ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे मला आंधळा ठिवलीस."

"व्हय, अब्बा."

तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पाणीसुद्धा फुफीकडून मागून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं दिलदारला बोलावलं. रोशन चुलीशी बसून ऐकत होती.

"दिलदार, हत्यार घे, खिळं घे, पागंतली जागा घे. पोरगी देत न्हाय तुला."

"का, चाचा? माजं काय चुकलं?"

"तुजं न्हाय लेका, तिचं चुकलं. जी बापाशी अशी वागली, ती मी माज्या भावाच्या पोराच्या गळ्यात बांधू व्हय?"

दिलदार खाली बघत उठला. दारात थांबला, आणि पहिल्यांदाच रोशनकडं सरळ बघून म्हणाला, "मला सांगायचं हुतंस की. मीच न्हाय म्हटलो असतो." तो गेल्यावर रोशन जी रडली, ती सुटकेनं की लाजेनं, हे फुफीलाही सांगता आलं नसतं.

जुम्म्याला कुतुबुद्दीन आला. लालासाबनं मान डावीकडं वळवली आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"उंच हाईस की रं बराच," तो म्हणाला. "काय मागायला आलायस ते ठावं हाय मला. मागू नगंस. त्या कळंब्याच्या मानसाला डावी बाजू दिसाय लागंल, तवा ये. दोगं बी जावा त्येच्याकडं. फुफी येईल संगं."

"आणि नाही दिसली तर, चाचा? असंही होतं. काहींना कधीच..."

"मग न्हाय," लालासाब म्हणाला, आणि भिंतीकडं वळला.

म्हणून मग दर जुम्म्याला, नमाजानंतर, तिघं कळंब्याला जायची. फुफी पुढं, मागं दोघं, मधे हातभर अंतर. तळ्यावरनं बोचरा वारा यायचा. आकारामची दोन बोटं गेली होती, ती काही परत येणार नव्हती. चिमणाबाई पहिले चार जुम्मे दारातच उभी राहिली, पाणीही विचारलं नाही. पाचव्याला घोंगडं टाकलं, आणि तेही फुफीच्या पुढ्यात.

रोशन फडकं सोडून जखम धुवायची. तिला जमेल तितकं हळू. आकाराम त्या हाताकडं बघायचाच नाही, आणि मान वळवून दाखवला की म्हणायचा, "कुनाचा गं ह्यो?"

"तुमचाच हाय, मामा."

"हॅ! माजा असता तर दुखला नसता व्हय?"

तिचे डोळे भरून यायचे. कुतुबुद्दीन झापडेचा पट्टा आवळत गुडघ्यावर बसलेला असायचा. एका जुम्म्याला आकारामनं उजव्या हातानं त्याची टोपी चाचपली.

"आन् ह्यो कोन तुजा, पोरी?"

रोशननं चिमणाबाईकडं बघितलं. चिमणाबाईनं तोंड फिरवलं, पण कान इकडंच.

"आजून कोन न्हाय, मामा."

"म्हंजे व्हनार हाय?"

"तुमी बरं झालासा तर. अब्बांनी तशी अट घातलीया."

आकाराम विचारात पडला. त्याचा अर्धाच चेहरा हसला, पण त्यात सगळं हसू आलं.

"आन् न्हाय झालो तर?"

कुतुबुद्दीनचा हात पट्ट्यावर थांबला. रोशननं स्वच्छ फडकं घेतलं, आणि त्या राहिलेल्या तीन बोटांभोवती एकेक वेढा देत म्हणाली, "तरी येतो की आमी, मामा. जुम्म्याच्या जुम्म्याला."

"दोगं बी?"

"दोघंही," कुतुबुद्दीन म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. पण फडक्याची गाठ मारायला तिला त्या दिवशी बराच वेळ लागला.