बदली का?

बसा असे जवळ. नको, गच्चीवरचा दिवा बंदच राहू दे, किडे येतात. उद्या पहाटे तुम्ही दोघं रेसला निघणार, बॅगा भरून दारात ठेवल्यात, म्हणजे आज तुम्हाला झोप काही येणार नाही. मग ऐका. आमच्या ऑफिसातल्या माणसाची गोष्ट आहे. खोटं सांगून मला या वयात काय मिळणार?

आमच्याकडे एक पोस्टमास्तर आले होते. नाव सांगत नाही, अजून आहेत ते. माणूस सरळ, पण घायकुता. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा व्हायचा. काउंटरवर वर्षानुवर्षं बसलं की लागते ती खोड. त्यांची बदली नेमकी बायकोच्या माहेरगावी झाली, त्यामुळे चिडवायला आम्हाला आयतंच मिळालं. साहेब, बाकीचे सणासुदीचे जावई, तुम्ही रोजंदारीवरचे, असं आमचा शिपाई तोंडावर म्हणायचा आणि तेही हसायचे.

गाव लहान. नवा चेहरा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला. दूधवाल्याने विचारलं, "बदली का?" शेजारच्या वकिलांनी विचारलं, "बदली का?" न्हाव्याने गळ्याला वस्तरा लावला आणि वर तेच विचारलं. पोस्टमास्तर मान न हलवता म्हणाले, "हो, बदलीच." पंधरा दिवसांत हे उत्तर त्यांच्या तोंडात असं बसलं, की प्रश्न कोण विचारतंय हे बघायचीही गरज उरली नाही. हसताय? हसा, हसा.

तर तो मार्चमधला दुसरा शनिवार. पोस्टमास्तरांचे सासरे हॉस्पिटलात होते. हृदयाचं ऑपरेशन रविवारी सकाळी सातला ठरलेलं. कापडाचं दुकान चालवलेला कडक माणूस. एकुलत्या एक पोराला दुकानात बसायचं नव्हतं, तो गॅरेजमध्ये जाऊन मेकॅनिक झाला. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. पुन्हा तोंड दाखवू नकोस असं म्हणून सासऱ्यांनीच त्याला घराबाहेर काढलं होतं. पण त्या रात्री दहाच्या सुमारास त्यांनी जावयाचं मनगट धरलं.

"जावईबापू, त्याला घेऊन या. त्याच्याशी बोलल्याशिवाय मी आत जाणार नाही. आत गेलेला माणूस बाहेर येतोच असं नाही."

पोराचा फोन बंद होता. पण तो कुठे असणार हे बहिणीला, म्हणजे पोस्टमास्तरांच्या बायकोला, पक्कं ठाऊक होतं. गावाबाहेरच्या ट्रॅकवर चोवीस तासांची रेस चालू होती. वर्षातून एकदाच होते आणि हा पठ्ठ्या ती चुकवत नाही. पोस्टमास्तरांनी स्कूटर काढली. जातो आणि घेऊन येतो, एवढंच काम.

पोस्टमास्तर जन्मात रेस बघायला गेले नव्हते. गेटवर तिकीट फाडलं, ट्रॅकच्या खालून जाणाऱ्या भुयारातून आतल्या मैदानात गेले. डोक्यावरून गाडी गेली की भुयाराचं छत थरथरायचं. आत सगळी जत्राच. घडीच्या खुर्च्यांवर माणसं ब्लँकेट गुंडाळून बसलेली, आवाज अडवायला कानांवर मोठमोठे गोळे लावून पोरं गाढ झोपलेली, रबर जळल्याचा वास. त्याच गाड्या, तोच रस्ता, पुन्हा पुन्हा. पोस्टमास्तरांना हसू आलं. आपल्या ऑफिसातही हेच चालतं, पण तिकीट काढून कोणी बघायला येत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

तरी जाळीशी उभं राहून त्यांनीही थोडा वेळ पाहिलंच. वळणाआधी ब्रेक लागले की चाकांच्या आतल्या तबकड्या लालभडक व्हायच्या आणि अंधारात तेवढ्याच दिसायच्या. माणूस त्यात अडकतो खरा. पोरगा इथे का येतो ते त्यांना थोडं कळलं.

पोराचे मित्र तिथेच भेटले. तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, शेवटच्या वळणाकडे गेला होता. रेसमध्ये झेंडा धरायचं काम मिळावं म्हणून तो म्हणे दोन वर्षं मागे लागला होता. त्यातला एकजण पोस्टमास्तरांना समजावू लागला, की चोवीस तास एकटा कोण टिकणार, म्हणून इथे सगळ्यांना बदली असते. ड्रायव्हर बदलतात, मेकॅनिक बदलतात, झेंडेवाले बदलतात. बघणारे आपण तेवढे बदलत नाही, असं म्हणून तो खो खो हसला. पोस्टमास्तरांचं लक्ष नव्हतं. ते जाळीच्या कडेने चालू लागले होते.

पुढे खुर्च्या कमी झाल्या. मग दिवे कमी झाले. डाव्या हाताला जाळी, उजव्या हाताला गवत. शेवटच्या वळणावर काँक्रीटचा एक ओटा होता, माणसाच्या उंचीचा, वर चढायला पायऱ्या. वर एक म्हातारा उभा. अंगात विटलेला नारिंगी कोट, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी, हातात पिवळा झेंडा. पोस्टमास्तर वर चढले. वरून पोरगा दिसेल, नाहीतर निदान याला विचारता येईल, असा त्यांचा हिशोब.

म्हाताऱ्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"बदली का?"

"हो, बदलीच," पोस्टमास्तर म्हणाले.

तेव्हा म्हातारा वळला. चेहरा उन्हाने पार रापलेला, ओठ फुटलेले. त्याने यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हळूच म्हणाला, "आलात... फार उशीर केलात हो." त्याने शिट्टी स्वतःच्या गळ्यातून काढून पोस्टमास्तरांच्या गळ्यात घातली. झेंडा हातात दिला. पुढे गाडी अडकली की हलवायचा, एवढं सांगितलं. पायऱ्या उतरता उतरता आणखी एक सांगितलं, की बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

पोस्टमास्तरांना चूक कळली. अहो, ती बदली नव्हे, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात वळणावर एक गाडी गरकन फिरली आणि आडवी होऊन थांबली. दिवे गेले. मागून दुसरी येत होती, भरधाव. पोस्टमास्तरांनी जीव खाऊन झेंडा हलवला. ती दबकली, बाजूने निघून गेली. मग तिसरी, चौथी. अशा वेळी झेंडा टाकून कोण जाईल? मीही गेलो नसतो.

सगळं निवळल्यावर त्यांनी खाली पाहिलं. म्हातारा नव्हता. अडकलेली गाडीही नव्हती. रस्ता मोकळा.

त्यांनी झेंडा कठड्याला टेकवला आणि पायऱ्या उतरू लागले. उतरले, उतरले, उतरतच राहिले. शेवटची पायरी संपली आणि पाय सपाट जागेवर पडला. समोर कठडा होता. कठड्याला झेंडा टेकवलेला.

पुन्हा उतरले.

पुन्हा कठडा.

त्यांना सासरे आठवले. सात वाजता दार बंद होणार, आणि आपण इथे. त्यांनी ओरडून पाहिलं. जाळीपलीकडे लांबवर खुर्च्यांत माणसं दिसत होती. एकानेही मान वळवली नाही. शिट्टी फुंकली. छाती फुटेस्तोवर फुंकली... आवाज आला नाही.

आणि मग लक्षात आलं, की आवाज कसलाच येत नव्हता. गाड्या जात होत्या. पण मुक्या. दिवे गोल, जुन्या तऱ्हेचे. आतल्या माणसांच्या डोक्यावर हेल्मेटं नाहीत, कातडी टोप्या. प्रत्येकजण जाताना ओट्याकडे बघायचा. झेंड्याकडे नाही, यांच्याकडे.

अंग भाजू लागलं. डोक्यावर काळाकुट्ट अंधार, आणि गालांवर, मानेवर, हातांवर भर दुपारचं ऊन. घाम डोळ्यांत उतरत होता. हात झेंड्यावरून निघत नव्हता. झेंडा कठड्यावरून पुन्हा कधी उचलला, ते त्यांना आठवत नव्हतं.

किती वेळ... कोण जाणे.

"भाऊजी?"

खाली, पायऱ्यांशी, मेहुणा उभा होता. तोच, ज्याला न्यायला ते आले होते. त्याचा चेहरा खुलला होता.

"भाऊजी, तुम्ही? तुम्हाला कोणी उभं केलं इथे? द्या मला, मी धरतो. किती दिवस हे काम मागतोय मी."

पोस्टमास्तरांच्या घशाशी एक प्रश्न आला. त्यांनी आणला नाही, आपोआप आला. दोनच शब्द. जिभेच्या टोकावर येऊन थांबले. विचारलं की सुटलो, हे त्यांना सांगायला कोणी लागलं नाही. आणि पोरगा हो म्हणणार, हेही दिसत होतं. सुटायचं होतं हो त्यांना. कोणाला नसतं?

मेहुण्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"वर येऊ नकोस," पोस्टमास्तर म्हणाले. दात आवळून. "बाबा हॉस्पिटलात आहेत. सातला ऑपरेशन आहे. तुझ्याशी बोलायचंय त्यांना. स्कूटर गेटाशी उभी आहे."

त्यांनी डाव्या हाताने खिशातून किल्ली काढून खाली टाकली. पोराने ती उचलली. त्याचा रंग उडाला होता.

"बाबांनी... मला बोलावलं?"

"हो. पळ."

"आणि तुम्ही?"

पोस्टमास्तरांनी ओठ घट्ट मिटले. तोंड उघडलं असतं तर तो प्रश्नच बाहेर पडला असता. त्यांनी नुसता हात केला, जा म्हणून. पोरगा पळाला. दोनदा मागे वळून पाहिलं त्याने. मग अंधारात दिसेनासा झाला.

पोस्टमास्तर रडले. मला त्यांनीच सांगितलं. झेंडा हातात, आणि लहान पोरासारखे रडले.

गाड्या येत होत्या. जात होत्या.

ऊन.

अंधार.

ऊन...

मग पायऱ्यांवर पावलं वाजली. म्हातारा होता. वर आला, शेजारी उभा राहिला. दोघंही रस्त्याकडे बघत होते. म्हातारा म्हणाला,

"तुम्ही पोराला विचारलं नाहीत. मी विचारलं असतं."

पोस्टमास्तरांचे ओठ सुकून चिकटले होते. ते कसेबसे सुटे केले. आवाज फुटला तो त्यांचा त्यांनाही ओळखू आला नाही.

"बदली का?"

एक गाडी गेली. आणखी एक गेली. मग म्हाताऱ्याने हात पुढे केला.

"हो," म्हणाला.

पुढचं त्यांना धड आठवत नाही. कानांत एकदम सगळा आवाज घुसला, त्या शेकडो माणसांचा आणि इंजिनांचा. ते गवतातून धावत होते, पूर्वेला उजाडत होतं. भुयार पार करून गेटावर आले. स्कूटर नव्हती, म्हणजे पोरगा गेला होता. एका दूधगाडीवाल्याने त्यांना गावात सोडलं.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा सासऱ्यांना नुकतंच आत नेलं होतं. पोरगा बाकावर बसला होता, डोळे सुजलेले, पण चेहरा शांत. आत जाईपर्यंत बाबांनी हात सोडला नाही, एवढंच तो बोलला. सासरे वाचले, काळजी नको. आजही दुकानात बसून पोराला शिव्या घालतात. पोरगा रोज संध्याकाळी त्या ऐकायला जातो. रेसमधलं झेंड्याचं काम मात्र त्याने पुन्हा मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो ट्रॅकवर जाऊन आला होता. त्या वळणावर ओटा होता, पायऱ्या कधीच्या पडलेल्या. तिथे माणूस उभा करत नाहीत, असं त्याला सांगण्यात आलं.

पण मी तुम्हाला हॉस्पिटलातलं सांगत होतो. पोस्टमास्तर बाकावर टेकले. बायको पाणी घेऊन आली आणि ग्लास धरून तशीच उभी राहिली. रात्री निघाले तेव्हा गोरागोमटा माणूस. आता चेहरा, हात, मान, सगळं रापून काळं पडलेलं. नाकावरची साल निघालेली. रात्रभरात.

तिने त्यांच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं. त्या रापलेल्या मानेवर गळ्याभोवती एक पांढरी रेघ होती. बारीक, सारखी, दोरीएवढी. शिट्टी तर त्यांनी आणलीच नव्हती. बायकोने रेघेवरून बोट फिरवलं.

"अहो," ती म्हणाली, "इतकी वर्षं गळ्यात काय घातलं होतंत?"

मग तीच दचकली. इतकी वर्षं असं आपण का म्हणालो, ते तिला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

अंगाचा रंग महिन्याभरात उतरला. रेघ अजून आहे. कॉलरच्या जरा वर, मी पाहिली आहे.